दीडपायचा डावा पाय

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. दचकू नका. मी हाडामांसाचा नाही, लाकडाचा आणि चामड्याचा आहे, आणि डावा आहे. सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, तिथे भिंतीवरच्या फळीवर मी आडवा पडलेला असतो. माझ्या एका बाजूला कुणाचा तरी पत्र्याचा हात आहे, दुसऱ्या बाजूला कुबड्यांचा भारा. हात काही बोलत नाही. कुबड्या आपापसांत बोलत असाव्यात, कारण त्या जोडीने आल्या. मी एकटाच आलो. माझा जोडीदार म्हणजे उजवा पाय. तो खरा होता, आणि तो माझ्या माणसाबरोबर गेला.

दिवसभर या खोलीकडे फारसं कुणी फिरकत नाही. बोलायला वेळ भरपूर आहे. म्हणून तुम्हाला माझी हकिकत सांगतो.

माझा जन्म याच खोलीत झाला. तेव्हा इथे भुशाचे ढीग असायचे, सरसाचा वास असायचा आणि सकाळपासून ठोकाठोकी चालायची. हा दवाखाना सरकारने माजी सैनिकांसाठी बांधलेला. लढाईत ज्यांचे हातपाय गेले त्यांना नवे करून देणारा एक मिस्त्री इथे नोकरीला होता. तो मूळचा सुतार. आधी दारं-खिडक्या करायचा. तो म्हणायचा, "दार नाही बसलं तर रंधा मारता येतो. पाय नाही बसला तर माणूसच बसून राहतो."

एक दिवस त्याच्याकडे कुबड्यांवर एक तरुण शिपाई आला. विजारीच्या डाव्या बाजूची घडी घालून ती वर टाचलेली होती. सुरुंगावर पाय पडला, एवढंच त्याने सांगितलं. जास्त सांगितलं नाही, मिस्त्रीनेही विचारलं नाही. गुडघ्याच्या खाली जेवढं उरलं होतं त्याला मिस्त्री खुंट म्हणायचा. त्याने खुंटाचा प्लास्टरचा साचा घेतला, हलक्या लाकडाचा ठोकळा निवडला आणि पटाशीने मला कोरायला बसला. वर मांडीला आवळायला चामड्याचा पट्टा, त्याला नाड्या, दोन्ही बाजूंना लोखंडी बिजागऱ्या, खाली रबराचं पाऊल. मी असा घडलो.

पहिल्यांदा मला खुंटावर चढवलं तेव्हा मिस्त्रीने माझ्या आत खडूची पूड फासली होती. शिपाई चार पावलं चालला. मग मिस्त्रीने मला काढलं आणि त्याच्या मोज्याकडे पाहिलं.

"दुखलं का?"

"नाही, मिस्त्री."

"मग मोजा इथे एवढा पांढरा कसा झाला? लाकूड तिथे घासतंय म्हणून ना?"

शिपाई मोजा वर ओढू लागला.

"लाकूड बोलत नाही, ते मी समजू शकतो," मिस्त्री म्हणाला. "तू तर चांगला धडधाकट तोंडाचा माणूस आहेस."

मोजा जिथे पांढरा व्हायचा तिथे मिस्त्री मला आतून कोरायचा. असं बऱ्याच वेळा झालं, तेव्हा कुठे मी आणि तो खुंट एकमेकांना जुळलो. तुम्हाला एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. खुर्चीवर कुणीही बसतं. छत्री कुणाच्याही डोक्यावर चालते. पाय मात्र एकाच माणसाचा असतो. दुसऱ्या कुणाला मी होणार नाही, हे मला त्याच दिवशी कळलं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला फार अभिमान वाटला.

पुढची वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. शिपायाला एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. दिवसभर आम्ही फाटकापासून मालधक्क्यापर्यंत फेऱ्या मारायचो. रबर झिजलं की मिस्त्री नवं लावायचा. शिपायाचं लग्न झालं. त्याला मुलगी झाली. ती रांगायला लागली तेव्हा दोन पायांपैकी मलाच धरून उभी राहायची, कारण मी हलत नसे. जरा मोठी झाल्यावर ती मैत्रिणींना घरी आणून माझ्यावर टकटक वाजवून दाखवायची आणि सांगायची, "माझ्या बाबांचा हा पाय कधीच दुखत नाही." मैत्रिणींना हेवा वाटायचा. कुणी विचारलं की खरा पाय कुठे गेला, तर शिपाई सांगायचा, "तो तिकडे सरहद्दीवरच ठेवून आलो. पहाऱ्याला कुणीतरी लागतंच ना."

सगळे हसायचे. मी मात्र त्याच्या इतका जवळ होतो, की हसताना त्याची मांडी माझ्या पट्ट्यात कशी आवळली जायची ते मला जाणवायचं.

दवाखान्यातले लोक त्याला दीडपाय म्हणायचे. हे नाव ठेवलं एका तोपचीने. तोपची म्हणजे तोफेवर काम करणारा सैनिक. हा तोपची पुढे शिपायाच्याच गल्लीत, समोरच्या घरात राहायला आला आणि त्याचा जिवलग झाला. वर्षातून एकदा सगळ्या माजी सैनिकांची तपासणी असायची. त्या दिवशी लांबच्या लांब बोळात बाकांवर ही सगळी मंडळी बसायची. औषधांच्या खिडकीवर "पुढच्या आठवड्यात या" अशी पाटी बऱ्याच वेळा लागलेली असायची. डॉक्टरांच्या बदल्या व्हायच्या. आजचा डॉक्टर पुढच्या वर्षी दिसेलच असं नव्हतं. तरी दवाखाना वाईट नव्हता, मित्रांनो. तिथे कुणी कुणाला हाकलत नसे, आणि नर्सबाईंना बहुतेकांची दुखणी तोंडपाठ होती.

अडचण वेगळीच होती. ती बाकावरच्या या माणसांत होती.

सैन्यात असताना तपासणी म्हणजे पास व्हायची गोष्ट. नापास झालेला माणूस तुकडीतून बाहेर काढला जाई. ज्याचे डोळे गेले त्याची बंदूक गेली, ज्याचे कान गेले त्याची तोफ गेली, आणि मग गठडी वळून घरी. त्यामुळे दुखणं लपवण्यात ही मंडळी पटाईत झाली होती. आता ना तुकडी होती, ना बंदूक. कुणी त्यांना कुठूनही काढणार नव्हतं. पण डॉक्टरांनी नाव पुकारलं की ही म्हातारी माणसं अजून ताठ उभी राहायची, पोट आत घ्यायची, आणि आत जाऊन पास होऊन यायची.

बाकावर बसून ते एकमेकांना युक्त्या शिकवायचे.

"कण्हायचं नाही," तोपची सांगायचा. "आपला तो स्वयंपाकी मागच्या खेपेला कण्हला. अजून वॉर्डात आहे."

"तो वारला."

"वारला? मग तर बघच."

तोपचीला ऐकू येत नव्हतं. तोफांनी त्याचे दोन्ही कान खाल्ले होते. कानांची तपासणी काचेच्या खोलीत व्हायची. बाहेर नर्सबाई बटण दाबायची, आत बसलेल्याने आवाज आला की बोट वर करायचं. तोपची काचेतून तिच्या खांद्याकडे बघत बसायचा. खांदा हलला की बोट वर. दरवर्षी तो पहिल्या नंबराने पास व्हायचा आणि बाहेर येऊन मिशीवर ताव मारायचा. इतर वेळी तो समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचा. त्यात तो इतका तयार होता, की घरच्यांनाही वाटायचं, म्हातारा जरा कमी ऐकतो, एवढंच.

माझ्या शिपायाची तपासणी याहून सोपी होती. डॉक्टर म्हणायचे, "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा." तो चालायचा. परेडला चालावं तसा. डॉक्टर विचारायचे, "काही त्रास?" तो म्हणायचा, "सगळं ठीक, साहेब."

पण तेव्हा त्याची बायको बरोबर असायची. नवरा बोलायचा नाही आणि बायको थांबायची नाही. तो "ठीक" म्हणतो न म्हणतो तोच ती दारातून पुढे यायची. "ठीक कसलं आलंय? डॉक्टरसाहेब, तुम्ही आधी तो पाय उतरवून बघा. दोन दिवस झाले, हळद लावतेय मी. यांच्यावर विश्वास ठेवू नका, हे मेल्यावरसुद्धा सगळं ठीक आहे म्हणून सांगतील." शिपाई कानकोंडा व्हायचा. बाकावरचे सगळे हसायचे. डॉक्टर मला उतरवून बघायचे, मलम द्यायचे, मिस्त्रीकडे पाठवायचे, आणि मिस्त्री मला आतून कोरायचा. असं आमचं चाललं होतं.

घरी आल्यावर ती स्वतः माझ्या नाड्या सोडायची. खुंट पुसायची, तेल लावायची, मग मला पुसायची. मला म्हणायची, "बस आता जरा तूही." तिच्याइतकी माझी काळजी कुणी घेतली नाही.

आधी मिस्त्री गेला. म्हणजे निवृत्त झाला. त्याच्या जागी कुणाला नेमलं नाही. भुसा झाडून नेला, पटाश्या कुठेतरी गेल्या, आणि पाय बाहेरून मागवायचे असं ठरलं. मग काही वर्षांनी शिपायाची बायको गेली. सकाळी बोलत होती आणि दुपारी नव्हती. मुलगी लांबच्या शहरात नांदत होती. ती आली, राहिली, "बाबा, माझ्याकडे चला" म्हणाली. तो म्हणाला, "मी इथे ठीक आहे." ती गेली. घरात तो आणि मी उरलो.

त्या घरात फार शांतता होती. तो उठायचा, मला बांधायचा, चहा करायचा, आणि खिडकीत बसायचा. दुपारी तोपची पत्ते घेऊन यायचा. दोघे न बोलता खेळायचे. मला तेव्हा ते छान वाटायचं. आता कळतं, एकाला ऐकू येत नव्हतं आणि एकाला सांगायचं नव्हतं, म्हणून त्यांचं इतकं जमायचं. तोपची गेला की दिवस संपल्यासारखाच. संध्याकाळी तो माझ्या नाड्या सोडायचा, मला खुर्चीला टेकवून ठेवायचा आणि माझ्याकडे बघत बसायचा. तेल लावत नसे. बायकोची तेलाची बाटली तशीच फडताळात होती. त्याने ती कधी उघडली नाही.

माणूस म्हातारा होतो तसा खुंटही म्हातारा होतो. तो सुकला, बारीक झाला. मी मात्र लाकडाचा, होतो तेवढाच राहिलो. त्यामुळे मी सैल पडलो. तो एकावर एक मोजे चढवून मला घट्ट करायचा. मोजे सरकायचे, चुरगळायचे, आणि हाडाच्या टोकाशी मी घासायचो. तिथे आधी लाल झालं. मग फोड आला. मग जखम झाली आणि ती भरेना.

मुलगी फोन करायची. "बाबा, पाय कसा आहे?"

"कुठला?" तो चेष्टेने विचारायचा.

"दोन्ही."

"दोन्ही ठणठणीत. लाकडाचा तर जास्तच."

ती हसायची आणि फोन ठेवायची. तो फोन हातात धरून बराच वेळ बसून राहायचा.

मित्रांनो, एवढ्या मोठ्या जगात ती जखम फक्त दोघांना माहीत होती. एक तो, दुसरा मी. आणि दोघेही न बोलणारे.

अशात वार्षिक तपासणी आली. त्या सकाळी त्याने दाढी केली, बुटाला पॉलिश केलं, जखमेवर फडकं गुंडाळलं, वर मोजे चढवले आणि मला करकचून बांधलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "चालून दाखवा." तो चालला. मी शपथेवर सांगतो, इतकं सुरेख तो कधीच चालला नव्हता. प्रत्येक पावलाला त्याचा घाम माझ्या पट्ट्यात मुरत होता. भिंतीशी तो वळला, परत आला, उभा राहिला.

"काही त्रास?"

"सगळं ठीक, साहेब."

मी दाराकडे लक्ष देऊन होतो. वाटलं, आता कुणीतरी पुढे येईल आणि म्हणेल, ठीक कसलं आलंय. दारात कुणी नव्हतं.

डॉक्टर भले होते. बाहेर बाक भरलेला होता, आणि समोरचा माणूस खोटं बोलेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. ते म्हणाले, "वा. सगळे तुमच्यासारखे असते तर माझं काम हलकं झालं असतं." शिपायाला ती शाबासकी फार आवडली. घरी येईपर्यंत तो खुशीत होता. संध्याकाळी त्याने मला उतरवलं, रक्ताने चिकटलेला मोजा सोडवला, मोरीत बसून स्वतः धुतला आणि वाळत टाकला. पास झाला होता.

त्यानंतर मला बांधणं त्याला जड जाऊ लागलं. घरातल्या घरात तो मला घालेनासा झाला. भिंतीला हात लावून एका पायावर उड्या मारत जायचा. एका दुपारी असाच तो न्हाणीघराकडे गेला. मी खाटेला टेकलेला होतो. आधी बादली कलंडल्याचा आवाज आला, मग तो पडल्याचा. दाराच्या फटीतून मला त्याचा एक हात दिसत होता. हात उंबरठा चाचपत होता, पण त्याला उठता येत नव्हतं.

पाय असून मला त्याच्याकडे जाता येईना. माणूस नसला तर पाय म्हणजे नुसतं लाकूड.

तो कुणाला हाका मारत नव्हता. मारायच्या कुणाला? तो वाट पाहत होता. मग बाहेरच्या दारावर थाप पडली. पत्ते घेऊन तोपची आला होता.

"तोपची," शिपाई ओरडला. "अरे, मी पडलोय. कडी आतून आहे."

पुन्हा थाप पडली.

"तोपची, मी आत आहे. दार फोड, गड्या."

दाराच्या पलीकडून तोपचीचा मोठा आवाज आला. न ऐकू येणारी माणसं बोलतात तसा. "कुठे उलथलास रे भर दुपारचा? सांगून तरी जायचं. मी काय तुझा नोकर आहे रोज खेटे घालायला?" मग थोडा वेळ थांबून, जरा मऊ आवाजात तो म्हणाला, "बरं, आलास की ये."

शिपाई आतून त्याला साद घालत होता. एवढा मोठा आवाज त्याने कधी काढला असेल असं मला वाटत नाही. दोघांच्या मध्ये एक दार होतं, बस. तोपचीची पावलं पायऱ्या उतरून गेली. न्हाणीघराचा नळ थेंब थेंब गळत होता, तेवढाच आवाज घरात राहिला. मला आजही फळीवर पडल्या पडल्या एकटेपणा म्हटलं की ती दुपार आठवते.

पुढचं मला नंतर कळलं. तोपची घरी गेला आणि सुनेला म्हणाला, "दीडपाय घरी नाही." सून भाजी निवडत होती. तिने विचारलं, "बाहेरून कुलूप होतं का, मामंजी?" तोपचीने ते बघितलंच नव्हतं. ती हातातलं काम टाकून आली. तोपची मागून आला. तिने दाराला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला.

"मामंजी, आत कण्हतायत ते. तुम्ही इथे उभे होतात, तुम्हाला ऐकू आलं नाही?"

तोपचीने तिचे ओठ वाचले. तो दाराला खांदा लावून धडका देऊ लागला. शेजारचे धावले, आणि दार निघालं.

त्याला दवाखान्यात नेलं. सुनेने मलाही एका चादरीत गुंडाळून बरोबर घेतलं, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. खुंट सुजून काळानिळा झाला होता. ताप चढला होता. तपासणी करणारे तेच डॉक्टर आले, तोंडाला पट्टी बांधलेली. त्यांनी फडकं उचललं आणि खाली वाकून पाहिलं.

"हे कधीपासून आहे?"

शिपायाने पडल्या पडल्या टाच जुळवायचा प्रयत्न केला. जुळवायला दुसरी टाच नव्हती. "किरकोळ आहे, साहेब. सगळं ठीक."

खाटेशी तोपची उभा होता. दाराला धडका देऊन त्याचा खांदा सुजला होता. तो म्हणाला, "साहेब, खोटं बोलतोय तो."

डॉक्टर त्याच्याकडे वळून काहीतरी म्हणाले.

"तोंडावरची पट्टी काढा, साहेब," तोपची म्हणाला. "तुमचे ओठ दिसत नाहीत मला. मला ऐकू येत नाही. फार वर्षं झाली, येत नाही. तुमच्या त्या काचेच्या खोलीत मी बाईंच्या खांद्याकडे बघून बोट वर करत होतो." सगळा वॉर्ड त्याचं बोलणं ऐकत होता, कारण आवाज किती मोठा आहे हे त्यालाच कळत नव्हतं. "हा माणूस माझं नाव घेऊन आतून ओरडला असणार. आणि मी दाराबाहेर उभा राहून त्याला शिव्या देत होतो. मला नापास करा, साहेब. फार आधीच करायला हवं होतं. पण याला विचारा. पुन्हा एकदा विचारा."

डॉक्टरांनी पट्टी खाली ओढली. स्टूल घेतलं आणि खाटेजवळ बसले. उभ्याने नाही, बसून. त्यांनी मला चादरीतून काढलं आणि पहिल्यांदाच माझ्या आत पाहिलं. चामड्यावर जुन्या रक्ताचे डाग होते, एकावर एक पडलेले.

"मी इथे बदलून आलो तेव्हापासून दरवर्षी तुम्हाला चालून दाखवा म्हणालो," ते हळू आवाजात म्हणाले. "पाय उतरवा असं कधी म्हणालोच नाही." मग त्यांनी विचारलं, "दुखतं का?"

शिपायाने तोपचीकडे पाहिलं. छताकडे पाहिलं.

"दुखतं," तो म्हणाला. "फार दुखतं, साहेब. ती गेल्यापासून दुखतंय."

आणि तो रडला. तोपचीला रडणं ऐकू आलं नसेल, पण त्याने शिपायाचा हात धरून ठेवला होता.

मित्रांनो, इथे मी तुम्हाला सांगू शकलो असतो की मलम लावलं आणि सगळं बरं झालं. तसं झालं नाही. उशीर झाला होता. विष वर चढत होतं. त्याचा जीव वाचला, पण गुडघा गेला. डॉक्टरांना पाय मांडीपासून काढावा लागला.

तुमच्या लक्षात आलं असेल. मी गुडघ्याखालचा पाय होतो. आता गुडघाच नव्हता, तर मी कुणाच्या खाली लागणार?

मुलगी धावत आली होती. तिने वडिलांना एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त एकदा मला उचललं, लहानपणी वाजवायची तसं माझ्यावर बोट आपटलं, आणि पटकन खाली ठेवलं. दवाखान्यातून निघताना शिपायाने मला मांडीवर घेतलं. माझ्या पट्ट्यावरून हात फिरवला. नर्सबाईला म्हणाला, "ठेवा हा. कुणाच्या तरी कामी येईल." मी कुणाच्या कामी येणार नाही, हे त्याला माहीत होतं. पण टाकून द्या म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. असा मी पुन्हा माझ्या जन्माच्या खोलीत आलो.

त्यानंतर इथे दिवसामागून दिवस गेले. धूळ बसली. नाड्या कडक झाल्या. चामड्याला तेलाची फार आठवण येते.

मग एक दिवस दार उघडलं. बाहेरून आलेले नवे पाय आता कधीमधी याच खोलीत बसवून देतात, प्लास्टिकचे, स्क्रू पिळून कमीजास्त करता येणारे. ते बसवणारी एक तरुण बाई आहे. तिच्यामागून चाकाच्या खुर्चीत तो आला. केस पूर्ण पांढरे झाले होते. मागे मुलगी होती, आणि तोपची होता. तोपचीच्या कानात एक छोटं यंत्र होतं आणि तो वैतागलेला होता.

"या खोलीत पंखा किती ओरडतो," तो म्हणाला. "बहिरा होतो तेच बरं होतं."

"मग काढ ते," शिपाई म्हणाला.

"काढतो कसा? तू पुन्हा कधी पडशील, काय नेम."

त्याला नवा लांब पाय चढवला. दोन दांड्यांना धरून तो उभा राहिला. मी वरून पाहत होतो. पोट आत गेलं, खांदे मागे गेले. परेडची सवय अशी सुटत नाही. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. मला वाटलं, झालं, आता पुन्हा तेच.

बाईने विचारलं, "कसं वाटतंय, आजोबा?"

"ठीक," तो म्हणाला.

ती स्क्रूचा पाना खाली ठेवून उठायला लागली. तोपची बोलला नाही. मुलगीही बोलली नाही. शिपाई दांड्यांना धरून तसाच उभा होता. मग त्याने एक हात सोडला आणि मांडीच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं.

"इथे," तो म्हणाला. "इथे टोचतंय जरा." थोडं थांबून म्हणाला, "जरा नाही. बरंच टोचतंय."

बाई पुन्हा खाली बसली आणि पाना उचलला. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. तिच्यासाठी ते नेहमीचं काम होतं. मुलीने मात्र तोंड फिरवून खिडकीकडे पाहिलं.

काम झाल्यावर ते गेले. त्याने फळीकडे वर पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण नव्या पायाने चालताना माणसाने खालीच बघावं, वर बघू नये. नाहीतर पडतो.

मित्रांनो, माझ्यासाठी तुम्ही काही करू नका. जमलंच तर कधी कुणी धूळ झटकली तरी पुष्कळ. पण तुमच्या घरात, शेजारी, गल्लीच्या टोकाला कुणी असा ताठ बसलेला म्हातारा माणूस असेल, तर त्याच्याजवळ जा आणि कसे आहात म्हणून विचारा. तो ठीक आहे म्हणेल. त्याला दुसरं काही म्हणायला कुणी शिकवलेलं नाही. तो ठीक म्हणाला की लगेच उठू नका. थोडा वेळ तिथेच बसून राहा.